जेबेझ ट्रेगेंझा यांच्या नोंदीतील एका शब्दाबाबत

प्रति,
मा. बंदर अधिकारी,
बंदर कार्यालय, पोर्थवेलन, कॉर्नवॉल.

विषय : आगमन-निर्गमन वहीतील शब्द दुरुस्त करण्याबाबत.
संदर्भ : दि. ८ नोव्हेंबर १८९६, रविवारची नोंद.

महोदय,

१. मी, जेबेझ ट्रेगेंझा या कोळ्याची विधवा, हा तिसरा अर्ज सादर करीत आहे. आपल्या वहीत माझे पती त्या रविवारी 'मासेमारीसाठी' गेले अशी नोंद आहे. त्यांची जाळी त्या दिवशी आमच्या भिंतीवरच वाळत होती.

२. त्या रविवारी उपासनेनंतर आमच्या मेथडिस्ट प्रार्थनागृहाचे कारभारी श्री. झेफनाया कर्नो आमच्या दारात आले. म्हणाले, "जेबेझ, आमचा पोरगा डिगरी कालपासून समुद्रावरून परत आला नाही रे." पतींनी ताटावरून उठून बूट चढवले. मी त्यांना अडवले नाही. डिगरीने शेजारच्या बंदरात आसरा घेतला होता. सोमवारी तो चालत घरी आला. बुधवारी आमच्या होडीच्या फळ्या किनाऱ्याला लागल्या. पती सापडले नाहीत.

३. समुद्रात गेलेल्यांची नावे प्रार्थनागृहातील पाटीवर कोरतात. रविवार हा देवाने नेमलेला विसाव्याचा दिवस, म्हणून रविवारी मासे धरणाऱ्याचे नाव कोरत नाहीत. मी श्री. कर्नो यांना भेटले. ते म्हणाले, "थॉमसिन, मी बोललो तर लोक म्हणतील, पोरासाठी नियम वाकवला. तू सरकारी वही दुरुस्त करून आण, मी नाव लावतो."

४. आपल्या कारकुनांनी सांगितले की वही दुरुस्त करण्यास कारभाऱ्यांचे लेखी पत्र लागेल. ते श्री. कर्नो देत नाहीत. डिगरीने स्वतः लिहून दिले. परंतु तो बुडाला नव्हता, सबब त्याचा शोध घेतला गेला असे मानता येत नाही, असे कळविण्यात आले. मी हे डिगरीला सांगितले. तेव्हापासून तो रोज येऊन लाकडे फोडून जातो. मी नको म्हणत नाही.

५. तरी 'मासेमारीसाठी' हा शब्द खोडून 'शोधासाठी' असा लिहावा, ही विनंती. ईस्टरच्या रविवारी पाटीवरील नावे मोठ्याने वाचतात. मला झोप व्यवस्थित लागते, जेवणही जाते. फक्त ते नाव घरात कोणी घेत नाही, आणि मला ते एकदा दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचे आहे.

दुरुस्ती शक्य नसल्यास तसे लेखी कळवावे. मग मी पुन्हा येणार नाही.

आपली नम्र,
थॉमसिन ट्रेगेंझा
दि. ४ मार्च १८९७

सोबत :
१) डिगरी कर्नो याचे लेखी निवेदन.
२) जाळी भिंतीवर होती, याबद्दल शेजारणीचे पत्र.
३) वरील दोन्ही कागद परत केल्याची आपल्या कार्यालयाची चिठ्ठी.