पुढच्या खोलीतली टकटक

७ नोव्हेंबर २००१, बुधवार

आणखी एक मासा गायब. निळा, पिवळ्या शेपटीचा. मेला असता तर तरंगला असता. झाकण जागच्या जागी. मग काय खिडकीतून गेला?

तुषारला पुण्याला फोन केला. दादाचा मुलगा असला तरी बोलायचं ते बोलले. इथल्या फ्रीगंजातले डॉक्टर बघायला येतील, तुला अशाच टाक्यांच्या ऑर्डरी देतील म्हणून ही समुद्राच्या पाण्याची टाकी आमच्या पुढच्या खोलीत बसवून गेलास, आता आत चोर शिरलाय. तो म्हणतो, "आत्या, मांजर असेल." आमच्याकडे मांजर नाही. संशय घ्यायला तरी असायला हवं होतं.

९ नोव्हेंबर, शुक्रवार

अंबिका भांडी घासून झाली की टाकीपाशी रेंगाळते. आज विचारलंच. "बाईजी, मैं तो हाथ भी नी लगाती," म्हणाली आणि फणकाऱ्याने गेली. फणकारा जरा जास्तच वाटला.

माईचं नवीनच. दुपारी कोणीतरी भिंतीत ठोकतं म्हणे. तिची खाट टाकीच्याच खोलीत, भिंतीपलीकडे नुसता बोळ. कोण ठोकणार? मी शाळेत शिकवून येते तेव्हा काही नसतं. मला वाटतं, मी शाळेत जाऊ नये म्हणून हे काढलंय तिनं. आईबद्दल असं लिहिताना लाज वाटते. पण वाटतं खरं.

१६ नोव्हेंबर, भाऊबीज

प्रकाशदादा आला. ओवाळलं. जेवताना माईने त्याला भिंतीतल्या माणसाची सगळी कथा सांगितली — कधी ठोकतो, किती जोरात. दादाचा घास हातातच राहिला.

नंतर स्वयंपाकघरात येऊन हळूच म्हणाला, "अलका, इंदूरला एक चांगला वृद्धाश्रम आहे. नर्स असते. तू दिवसभर शाळेत, ही एकटी भास ऐकत बसते. नाताळात येतो आणि घेऊन जातो. यंदाची ओवाळणी समज. तुझा भार हलका करतो."

भार! मी म्हटलं का कधी भार आहे म्हणून? साडी आणली असती तर काय बिघडलं असतं! माई चिडवते, टोकते, वरणात मीठ कमी म्हणते. तरी मला ती हवी आहे. या घरात, त्याच खाटेवर. हे त्याला तोंडावर सांगता आलं नाही. "बघू," म्हटलं. मूर्ख.

१८ नोव्हेंबर, रविवार

टाकीतल्या गोगलगाईंचे शंख फुटलेत. कडा तुटलेल्या, खलबत्त्यात घातल्यासारख्या. मासा हरवतो एक वेळ, पण शंख कोण फोडतं?

माईची काठी आठवली. भासाच्या भरात टाकीत घालत असेल तर? ती आंघोळीला गेल्यावर काठी हुंगून पाहिली. माधव नगरच्या शाळेत जीवशास्त्र शिकवणारी बाई, आईची काठी हुंगते! कोरडी होती. तरी दोनदा हुंगली.

२१ नोव्हेंबर

दादाचा फोन. आश्रमात खोली ठरवली. मला न विचारता.

२५ नोव्हेंबर, रविवार

दुपारी बिजली गुल. रोजचंच आहे. पण रविवार, मी घरात. पंप थांबले, त्यांची घरघर थांबली. माईने माझा हात धरला. "घे. आता ऐक."

टक.

मी श्वास रोखला. थोड्या वेळाने परत — टक. भिंतीतून नाही. टाकीतून!

पडदे ओढून टॉर्च मारला. खडकाच्या एका भोकात देठांवर बसवलेले दोन डोळे. एक इकडे फिरतो, एक तिकडे. माझ्याकडे असे बघत होते की जणू मासे मीच पळवलेत. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला निघाले होते मी, आणि संन्याशीण माझी आई.

खाटेवर बसून रडले. माई म्हणाली, "अगं, उंदीरबिंदीर असेल. रडून काय राहिलीस?"

२७ नोव्हेंबर, मंगळवार

शाळेतून थेट टावर चौक, सायबर कॅफे. चित्र वरून खाली तसू तसू उतरत होतं. आधी डोळे आले. ओळखलं! मँटिस श्रिंप. कोळंबी-खेकड्यांच्या गोतातली. पुढचे पाय घडी करून बसते आणि असा ठोसा मारते की शंख फुटतो. मासेही खाते. समुद्रातल्या खडकात लपून येते, आणणाऱ्याला पत्ताही लागत नाही.

तुषारला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, "आत्या, तो खडक बाहेर काढ आणि भोकात सोडा ओत. निघेल."

२ डिसेंबर, रविवार

पानवाल्याकडून सोड्याची बाटली आणली. ओतला. निघाली! बोटाएवढी, हिरवट, अंगात भलताच कस. टाकीच्या पाण्याने भरलेल्या बादलीत टपकन पडली आणि पडल्या पडल्या प्लास्टिकवर — टक.

माई वाकून बघत होती. "एवढीशी? हिच्यापायी मला वेडी ठरवलंत?"

अंबिका मला ऐकवून म्हणाली, "माँजी तो पेले से बोल री थी." ऐकून घेतलं.

दादाला फोन लावला, सगळं सांगितलं आणि रिसीव्हर बादलीला टेकवला. दोन ठोके ऐकू गेले त्याला. मग म्हणाला, "बरं. राहू दे तिला तुझ्याकडेच. आश्रमाला नाही म्हणून कळवतो."

आज वरणात मीठ बरोबर होतं म्हणे.

१५ डिसेंबर, शनिवार

तुषार येऊन सगळं घेऊन गेला. टाकी, खडक, पंप, बादलीतली तीसुद्धा. अशी वीज जाते तिथे समुद्र कसा टिकणार, म्हणाला. खोली मोठी दिसते. पाण्याचे डाग पुसले, माईची खाट उन्हात सरकवली.

१९ डिसेंबर, बुधवार

शाळेतून आले तर माई भिंतीला कान लावून बसलेली. "ऐक. आला परत."

मीही कान लावला. पुष्कळ वेळ. काहीच नाही.

म्हटलं, "हो माई. येतोय आवाज."

संध्याकाळी दादाचा फोन आला. माई मजेत आहे म्हणून सांगितलं.