बावीच्या पाण्यातले कांदे

४ फेब्रुवारी
माझ्या हातचं — भंगारातल्या लूमच्या शाफ्टपासून केलेला सूक्ष्मदर्शकाचा खांब, आटेसुद्धा मीच पाडलेले (भिंगं तेवढी विकतची), अंगणातला झोपाळा, बावीचा रहाट. बाव मात्र बाबांनी खणली.

राघोदादा म्हणतो, "पानी मेलंय, केसरी. गोदामवाला जागा मांगतंय, देऊन टाक." घरामागच्या रंगाईच्या कारखान्यानं पाणी नासवलं, खरं आहे. पण तो बंद झाला की! शेवटी ठरलं — बावीच्या पाण्यात कांद्याची मुळं धरायची. पेशी आतला धागा न मोडता विभागल्या तर बाव राहील, नाहीतर मी सही करीन. शब्द दिला.

७ फेब्रुवारी
ठमावहिनी — "भावजी, कांदं समदं पान्यान ठेवलं, कालवनान काय टाकू? तुमची भिंगा?"

मुळाच्या टोकाशी पेशी सारख्या विभागतात. नळाच्या पाण्यातल्या कांद्यात दिसल्या, भरपूर. बावीच्या पाण्यात — सगळ्या थांबलेल्या. जेवण गेलं नाही.

८ फेब्रुवारी
थांबली म्हणजे मेली नव्हे! डीएनएचा धागा तुटला की पेशी विभागणी रोखून धरते. टोकं जोडते, तपासते, मगच पुढे जाते. नाहीच जमलं तर बहुतेकदा स्वतःला संपवते, तुटका धागा पुढे देत नाही. डिक्शनरी घेऊन वाचलं. दहावी नापास माणसानं!

तेच कांदे नळाच्या पाण्यात हलवले.

१० फेब्रुवारी
विभागायला लागल्या!! दादाकडे मुदत मागितली. बाव पुन्हा उपसतो.

१६ फेब्रुवारी
गाळ निघाला. खाली बाबांनी फोडलेला कातळ, छिन्नीच्या खुणा तशाच. इथेच दादानं माझ्या पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधून मला ढकललं होतं. वरून ओरडत होता — "मरत न्हाय, पाय हालव!" आई काठावर भांडी घासता घासता त्यालाच शिव्या देत होती. तेव्हा पाणी इतकं नितळ, की पडलेली तपेली तळाशी दिसायची.

कातळातून झरा येतोय. बारीक, पण येतोय.

२२ फेब्रुवारी
नवे कांदे, बावीचं नवं पाणी. पेशी विभागतायत! पण बऱ्याच पेशींत धाग्याचा एखादा तुकडा मागे सुटलेला. न जुळलेला. तीनदा पाहिलं. जे दिसलं तेच दादाला सांगितलं.

"म्हंजे हारलास."

"हारलो."

२५ फेब्रुवारी
गोदामवाला आला. दादानं पेन माझ्यापुढे केलं. दिलेला शब्द मोडला, नाही म्हणालो. एक कोटी दहा लाख देत होता.