यात्रेकरूकडून बट्टा घ्यायचा नाही

नाना, काल दुपारी जेवताना मी पुन्हा तेच वाक्य बोललो. नातू पेपर वाचत होता. परदेशी कंपन्यांना आपल्या देशात नोटा बदलायची दुकानं काढू द्यावीत की नाही, यावर कुणीतरी दोन रकाने भरून लिहिलं होतं. तो म्हणाला, "आजोबा, तुम्ही तर यातलेच. तुम्हाला काय वाटतं?" आणि मी भाकरीचा तुकडा मोडता मोडता, मोठा शहाणा असल्यासारखा म्हणालो, "दर पाटीवर लिहिलेला असला म्हणजे झालं. मग दुकान परक्याचं असो नाही तर आपल्याचं." त्याला ते पटलं, त्यानं पान उलटलं. माझा घास मात्र तोंडातल्या तोंडात फिरायला लागला. साठ वर्षांपूर्वी आपल्या नाशिकच्या घरात, चुलीसमोर तुम्ही पाटावर जेवायला बसलेले असताना, हेच वाक्य मी याच तोऱ्यात तुम्हाला ऐकवलं होतं. सून म्हणाली, "भाजी तिखट झाली का?" मी हो म्हणून टाकलं. बिचारीनं उठून दही वाढलं.

देवळाली कॅम्पात बाजाराच्या तोंडाशी तुमची सराफीची, पैसे बदलून द्यायची बैठक होती. एक गादी, एक उतरतं मेज आणि पुढ्यात तो काळा दगड. विलायतेहून आलेले गोरे पौंडाच्या नोटा आणि शिलिंगं घेऊन यायचे, तुम्ही त्यांना रुपये द्यायचात. कुणी सोन्याची गिनी आणली की तुम्ही ती आधी दगडावर टाकायचात, मान एका अंगाला कलती करून ऐकायचात आणि मग बोलायचात. बदलून देण्याबद्दल जे दोन-चार पैसे तुम्ही ठेवून घ्यायचात, तो बट्टा. त्याचा दर कुठं लिहिलेला नव्हता. माणूस समोर आला की तुमच्या तोंडून तो बाहेर पडायचा. बाजारातल्या भाजीवालीला निम्मा. तोंडात चिरूट धरून, पायातल्या बुटानं मेज हलवणाऱ्या गोऱ्याला पुरा, वर थोडा जास्तच. आणि यात्रेकरूला काहीच नाही. तो काशीला वाटायला खुर्दा नेणारा असो की मक्केला गिन्या नेणारा. "देवाच्या वाटेवरच्या माणसाकडून आपण काय घ्यायचं?" असं तुम्ही म्हणायचात, आणि तुमचे वडीलही तेच म्हणायचे. मालेगावच्या विणकरांत कुणी हजला निघालं की मुंबईची गाडी धरण्याआधी ते कॅम्पात उतरायचे, ते यासाठी. त्यांच्यासाठी तुम्ही एकेक गिनी वाजवून द्यायचात.

मग कॅम्पात विलायती कंपनीचं काउंटर उघडलं. पितळेच्या गजांची खिडकी, वर गरगरणारा पंखा, आणि बाहेर काळी पाटी. मला इंग्रजी येत होतं म्हणून मी तिथं लागलो. रोज सकाळी पाटीवर खडूनं दर लिहायचं काम माझं. माझं अक्षर चांगलं होतं, आणि नाना, मला त्याची घमेंडही होती. तुम्ही रागावाल असं आईला वाटलं होतं, पण तुम्ही मला कॅम्पातल्या शिंप्याकडे नेलंत आणि निळा कोट शिवून दिलात. शिंपी माप घेत होता तेव्हा म्हणालात, "खांद्यात थोडा सैल ठेवा. पोरगा साहेबाच्या खुर्चीवर बसणार आहे, अंग फुगेल." शिंपी हसला, मीही हसलो.

त्या दिवसांत जेवताना आपलं रोज वाजायचं. मी म्हणायचो, पाटी सगळ्यांना सारखी, तिथं तोंड बघून दर नाही. तुम्ही म्हणायचात, "अरे, पाटी चांगलीच आहे. मीही लावीन हवी तर. परका म्हणून तो वाईट, असंही मी म्हणत नाही. पण मला उद्या याच बाजारात तोंड दाखवायचंय. त्याला कुणाला दाखवायचंय?" मला हे अगदी खेडवळ वाटायचं. आई मध्येच ओरडायची, "आधी गिळा, मग भांडा!" आणि खरं सांगायचं तर माझंही सगळंच चूक नव्हतं. बाजारातले दोघं-तिघं सराफ झिंगलेल्या गोऱ्यांना उघड उघड लुबाडत होते. तुम्हाला ते माहीत होतं, आणि तुम्ही त्यांना कधी टोकलं नाहीत.

कंपनीनं अर्ज केला की कॅम्पात पैसे बदलायचं काम फक्त तिच्याकडे असावं. सराफांचे परवाने ठेवायचे की काढायचे, हे ठरवायला कँटोन्मेंटच्या कचेरीत चौकशी लागली. तुम्ही सगळे सराफ बाहेर व्हरांड्यात, डोक्याला पागोटी बांधून, बाकावर बसलेले. आत गोरा साहेब, त्याच्या बाजूला आमचा मॅनेजर, आणि समोर निळ्या कोटातला मी. साहेबानं विचारलं, "तुझे वडील एकाकडून एक बट्टा घेतात आणि दुसऱ्याकडून दुसरा, हे खरं का?" मी म्हणालो, "खरं आहे, साहेब." त्यानं लिहून घेतलं. मी बाहेर आलो तेव्हा तुम्ही बाकावर सरकून मला जागा केलीत. मी बसलो नाही, काम आहे म्हणून सटकलो.

पंधरा दिवसांत सगळ्यांचे परवाने गेले. तुमची गादी आणि मेज टांग्यात घालून आपण दोघंच घरी आणत होतो, दगड तुम्ही मांडीवर घेतला होता. नाशिक रोड मागे पडल्यावर तुम्ही विचारलंत, "तुला विचारलं असेल ना त्यांनी, बट्टा वेगवेगळा का म्हणून?" मी टांगेवाल्याच्या पाठीकडे बघत म्हणालो, "नाही. तेवढं नाही विचारलं." तुम्ही मान हलवलीत. "तेच म्हणतो मी. विचारलं असतं तर तू सांगितलंच असतंस. विचारायला हवं होतं रे त्यांनी." पुढं कितीतरी लोकांना तुम्ही हेच सांगितलंत. "बट्ट्याचं कारण कुणी विचारलंच नाही," म्हणायचात, "नाही तर माझा मुलगा होता की तिथं."

वर्षभरात घरातल्या शिल्लक गिन्या एकेक करून विकल्या गेल्या. माझा पगार मी आईच्या हातात ठेवायचो, तुम्ही त्यातल्या कशाला हात लावायचा नाहीत. तेवढ्यात विलायतेनं पौंडाची सोन्याशी असलेली गाठ सोडली, आणि आमचं काउंटर काही न सांगता बंद राहिलं. पाटी पुसून ठेवायचा हुकूम आला. हातात नोटा घेऊन लोक खिडकीशी उभे, आणि आम्ही आत दार लावून बसलेलो. पुन्हा उघडलं तेव्हा सोनं द्यायचं नाही असा नियम झाला होता.

त्यानंतरच्या हजच्या वेळी, एका शनिवारी सकाळी, ते म्हातारं जोडपं खिडकीशी आलं. विणकर होते, मालेगावचे. म्हातारीनं जन्मभराची पुंजी ओच्यात बांधलेली. म्हातारा म्हणाला, "बाबूजी, गिन्नी चाहिए. हज को जा रहे हैं." मी नियम सांगितला, सोनं नाही, कंपनीची हुंडी मिळेल, कंपनीच्या शाखेत वटेल. तिकडं शाखा आहे का, हे मला माहीत नव्हतं. त्यानं कागद हातात घेऊन उलटासुलटा बघितला. "बेटा, इस कागज को वहाँ कौन पहचानेगा?" मग त्यानं तुमची चौकशी केली, म्हणाला, इथं एक सेठ बसायचे, माझ्या भावाला गिन्या त्यांनीच दिल्या होत्या. तुम्ही माझे वडील आहात, एवढं सांगायला माझी जीभ उचलली नाही. नाशिकच्या घराचा पत्ता तेवढा सांगितला, आणि पुढच्या गिऱ्हाइकाला हाक मारली.

शनिवारी अर्धा दिवस. दुपारी घरी आलो तर ते दोघं पडवीत बसलेले, पुढ्यात गुळाचा खडा आणि पाण्याचे तांबे. तुम्ही कानशीनं काहीतरी घासत होतात. जवळ जाऊन बघतो तर आईची गिन्यांची माळ! दोरा तोडलेला, आणि एकेक गिनीची डाखलेली कडी तुम्ही काढत होतात. आई चौकटीला टेकून उभी होती, गळा मोकळा. तुम्ही एक गिनी दगडावर टाकलीत. ती बद्द वाजली. तुम्ही म्हाताऱ्याला सांगितलंत, "मियाँ, या वाजणार नाहीत. कडी होती, डाख राहिलाय. घेताना तिकडं कुणी नाक मुरडेल, म्हणून वजनापेक्षा कमी धरतो." म्हातारा नको नको म्हणत राहिला. बट्टा तर नाहीच, वर तुम्ही स्वतःच्या घरचं सोनं उतरवून घातलंत. म्हातारीनं आईचे दोन्ही हात धरले आणि रडली. मला वाटलं, आता तुम्ही मला बोलणार. बोललातही. ते गेल्यावर म्हणालात, "हे कॅम्पातून चालत आलेत. तिथं त्यांना पाणी विचारलंस का?" मी म्हणालो, "नाही." "हजला निघालेल्या माणसाला उभं ठेवलंस? पाण्याला कुठल्या पाटीवर दर लागतो रे?" आई म्हणाली, "जाऊ द्या, दमून आलाय." तुम्ही कानशी पुसून ठेवलीत.

चार वर्षांनी कंपनीला कॅम्पातलं काउंटर परवडेनासं झालं. विलायतेहून पत्र आलं आणि महिन्याभरात खिडकीला फळ्या ठोकल्या. मॅनेजर सगळ्यांशी हात मिळवून गेला, चांगला माणूस होता, पण गेला. मागं कॅम्पात मोड द्यायलासुद्धा कुणी उरलं नव्हतं, तुमच्या बरोबरचे सराफ कुठं कुठं पांगले होते. हे सांगायला मी घरी आलो तेव्हा तुम्ही अंथरुणाला खिळलेले होतात. "बघा, शेवटी तसंच झालं" असं तुम्ही म्हणाल म्हणून मी मनाची तयारी करून आलो होतो. तुम्ही विचारलंत, "तुझं काय आता?" आणि उशाखालून हात काढून माझ्या हातावर ठेवलात.

तुम्ही गेलात तेव्हा मसणात कुणीतरी म्हणालं, त्या साहेबानं कारण विचारलं असतं तर नानांची बैठक राहिली असती. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली.

विचारलं होतं, नाना. साहेबानं लिहिता लिहिता लेखणी थांबवून, चांगल्या शब्दांत विचारलं होतं, "असं का करतात ते?" काशी, मक्का, भाजीवाली, सगळं माझ्या जिभेवर होतं. पण आदल्या दिवशी मॅनेजर मला म्हणाला होता की पुढच्या महिन्यापासून तुला कायम करतो, आणि तो शेजारीच बसला होता. मी म्हणालो, "काही नेम नाही साहेब, मनाला येईल तसं घेतात." पुढच्या पगाराबरोबर कायम झाल्याचा कागद आला, आणि तुम्ही पेढे वाटलेत.

हे पत्र कुठं पाठवायचं नाही, म्हणून पाकीटही मागितलं नाही कुणाकडे. आज सकाळी नातवाला एवढं सांगितलं की काल मी दिलेलं उत्तर चुकलं होतं. त्यानं पेपर खाली ठेवला आणि विचारलं, "का, आजोबा?" व्हरांड्यातल्या बाकावर तुम्ही सरकून जागा केलेली मला दिसली, नाना. आणि मी म्हणालो, "काही नाही रे, सहज."