पिवळी वायर

शनिवार संध्याकाळ, रोटोटुना

आज फोटोंची हार्ड डिस्क जळता जळता वाचली. लेकीच्या, इराच्या जन्मापासूनचे सगळे फोटो तिच्यातच आहेत. दुसरी कॉपी नाही. आणि म्हणे मी आयटीवाला!

नव्या छोट्या कॅबिनेटमध्ये डिस्क बसली, पण पॉवरच्या वायरी वळेनात आणि झाकण लागेना. म्हणून भिंतीतला प्लग काढला, जाडजूड कनेक्टर कापून टाकला आणि नवा चपटा कनेक्टर त्याच वायरींवर दाबून बसवला. आता डिस्क जोडणार, तेवढ्यात मेधाने हात धरला.

"थांब. फार्मसीत आम्ही लेबल दोनदा वाचल्याशिवाय औषध देत नाही. रंग मोठ्याने वाच."

बायकोचं ऐकलं म्हणून बरं. पिवळी वायर लालच्या जागी! म्हणजे पाच व्होल्टच्या जागी बारा गेले असते. कनेक्टर उलटा बसवला होता मी. इतकी ठळक पिवळी वायर, मला दिसली कशी नाही?

सुलटा बसवला. आधी प्लग लावून नुसता मीटर लावून पाहिला: बारा, पाच, बरोबर. मग प्लग काढून डिस्क जोडली. झाकणही लागलं! स्क्रीनवर इराचा पहिला वाढदिवस उघडला.

"बाबा, यू हॅड हीप्स ऑफ हेअर!" माझ्या टकलाकडे बघत इरा ओरडली.

"ते मला नाही वाचवता आले," मेधा म्हणाली.