मजुरी वाढली तेव्हा

बाबा, तुम्हाला एक विचारायचं आहे. बँकेने मला बढती देऊ केली आहे, पुण्याला, पगार जवळजवळ दुप्पट. भंडारा सोडू की नको? तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी विचारावंसं वाटतं ते तुम्हालाच.

आपल्या आंधळगावात शेठने कोशाच्या रेशमी साडीची मजुरी वाढवली तेव्हाचं आठवतं. शेजारचे माग दिवे लागले तरी खटखटत राहायचे. तुम्हीही आधी जास्त विणलंत. आईचा दुखरा दात निघाला, छपरावर नवी कवेलू चढली. मग एके दिवशी तुम्ही ऊन उतरताच मागावरून उठलात. अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात. तुमचं अंथरूण वाढलं, पाय होते तेवढेच राहिले. आईच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"लोकं दोन लुगडे जास्त काढून राहिले, अन् तुम्ही उठून चालले? पोरीले शिकवाचं नाही का?"

"शिकवाचं हाये ना. पन तिच्यासंगं बसाचं बी हाये," तुम्ही म्हणालात आणि 'चाल, माय' म्हणत मला हाक मारलीत.

गावामागच्या तळ्याच्या पाळीवर, बांधाच्या मातीतच, आपण बसतो. उकडलेले शिंगाडे दाताने फोडून तुम्ही माझ्या हातात देता, शाळेत काय झालं विचारता, आणि माझं सांगणं संपेपर्यंत दुसरीकडे बघत नाही. मी मुद्दाम पाल्हाळ लावते.

गरिबीत सुख असतं म्हणणाऱ्यांचा मला रागच येतो. त्यांनी आईला गालावर हात धरून कण्हताना पाहिलेलं नाही. पैशाने तो दात निघाला, मी शिकले. पण त्यानंतरच्या प्रत्येक पगारवाढीने काय दिलं, ते मला धड सांगता येत नाही. मोठी गाडी आली, आणि घरी पोचायला आणखी उशीर होऊ लागला. माझी लेक शाळेतलं सांगते तेव्हा माझा एक डोळा मोबाइलवर असतो. आता ती थोडक्यात सांगते.

बाबा, मला तुमची फार आठवण येते. तुमच्याइतकं निवांत माझं कोणीच ऐकलं नाही.

आणि तुम्हाला विचारते आहे म्हटलं, तेही खरं नाही. होकार मी कालच कळवला. घरात, ऑफिसात सगळ्यांनी पेढे मागितले. 'नको जाऊ, माय' म्हणणारं एकही माणूस निघालं नाही, म्हणून लिहायला बसले.