शीलाचा अभ्यासवर्ग

बजाजनगर, रविवार

रामहरी,

‘कॉम्रेड’ लिहायला हात धजला नाय.

तुझी शीला परवा आली होती. ती आता इथंच कंपनीत कंत्राटावर लागलीय. म्हणाली, "काका, बाबांचा अभ्यासवर्ग परत सुरू करायचाय. तुम्ही शिकवा."

तुझ्या खोलीत आपण दहा-बारा कामगार मार्क्स वाचायचो. परदेशातल्या गिरण्यांमधले हाल बघून क्रांतीचा विचार कसा उभा राहिला, ते तू आपल्या बोलीत सांगायचास. "यंत्र आपण चालवतो, मग ठरवणारा मालक एकटाच कसा?" तुझ्या या प्रश्नातूनच आपली संघटना निघाली. मग साहेबानं मला केबिनमध्ये बोलावून विचारलं, "वर्ग कोण घेतो?" मी तुझं नाव सांगितलं. तुला काढलं, मी परमनंट झालो. तू गावाकडं परत मेंढरांमागं गेलास.

मी शीलाला विचारलं, "माझ्याकडंच का आलीस?"

"बाबा म्हणले, खंडेरावाकडं जा. सगळे फुटले, तो फुटला नाय."

मी व्हय म्हणालो. आज पहिला वर्ग आहे. शीलासोबतच्या कंत्राटावरच्या चौदा पोरी आत वह्या उघडून बसल्यात. मी बाहेर पायरीवर बसून हे लिहितोय. तुला धाडणं जमायचं नाय. शीला दोनदा हाक मारून गेली.

खंडेराव