राजमाने चेंडू बरोबर हेरला होता

बाबा,

गाडीची किल्ली शोधू नका, मी ऑफिसला घेऊन चाललेय. आज पानिपतला जायचं नाही. कुमुदआत्याला मी फोन केलाय, ती रागावलेली नाही.

समोर बसून सांगायला हवं होतं, पण धीर झाला नाही. काल पार्कात मी लांबून चेंडू फेकत होते आणि तो कुठे पडतो ते नीट बघायला तुम्ही राजमाला शिकवत होतात. रिट्रीव्हर जातीच्या कुत्रीला एवढं जमलंच पाहिजे, म्हणालात. तुमच्या डावीकडे, कण्हेरीजवळ पडलेला चेंडू तिने तिन्ही वेळा बरोबर हेरला. तुम्ही मात्र ओरडलात, "अगं गाढवे, तिकडे नाही!" तिसऱ्या वेळी ती चेंडूपाशी पोचलेली असताना मागे फिरली आणि तुम्ही हात दाखवलात तिथलं रिकामं गवत हुंगत राहिली. मग मी मुद्दाम उजवीकडे फेकला, तर लगेच "शाबास!"

बाबा, तुम्हाला डावीकडचं दिसत नाहीये. मला वाटतं, हे तुम्हालाही ठाऊक आहे.

साडेचारला डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय. मी चारला येते, तयार राहा. वरण फ्रिजमध्ये आहे, गरम करून घ्या.

माझ्यावर हवं तेवढं रागवा. पण सोमवारी खांबाला घासून गाडीचा डावा आरसा फुटला, तेव्हा मुक्ता दप्तर मांडीवर घेऊन त्याच बाजूला बसली होती. हे मला तुमच्या नातीने सांगितलं, तुम्ही नाही.

उत्तरा